तपासून तरी पाहा: अमली पदार्थ आयोगाला खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाचे सर्व सदस्य, व्हिएन्ना
आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्यसनकारक औषधांविषयीची तज्ज्ञ समिती, जिनिव्हा

माननीय सदस्यहो,

सादर नमस्कार.

मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक यादीत, सायलोसायबिन (काही मशरूममध्ये सापडणारा भास घडवणारा पदार्थ) आणि एलएसडी (तसाच, प्रयोगशाळेत बनवलेला) ही नावं तेव्हा घातली गेली. आज पन्नासहून अधिक वर्षं झाली, ती तिथंच आहेत. दारूच्या व्यसनावर या पदार्थांचा उपयोग होऊ शकेल का, यावर मधल्या काळात जे संशोधन झालं ते जगासमोर आहे. यादीतली त्यांची जागा मात्र तसूभरही हललेली नाही.

माझा थोरला भाऊ दारूचा रुग्ण आहे. म्हणून मला हे पत्र लिहावं लागतंय.

आधीच स्पष्ट सांगते. हे पदार्थ खुलेआम विकू द्या, अशी माझी मागणी नाही. त्यांनी दारू हमखास सुटते, असंही मी म्हणत नाही. तसं म्हणायला पुरेसा पुरावा अजून नाही. पण तो पुरावा का नाही, हे तुम्हाला विचारण्याचा हक्क मला आहे असं मी मानते.

दादाबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्या कागदपत्रांत तो 'मद्यपानाशी संबंधित विकार' या मथळ्याखाली येतो. सकाळी उठल्यावर त्याचे हात इतके थरथरायचे की पेला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. पहिला घोट उलटून यायचा, दुसरा पोटात टिकायचा. त्यानंतर अर्ध्या तासानं त्याला शर्टाची बटणं लावता यायची. मजा म्हणून तो केव्हाच पीत नव्हता. प्यायला नाही तर झटके येतील, ही भीती होती आणि ती खरी होती. दारूची सवय झालेलं शरीर अचानक दारू तुटली की फिट्स येऊन, भ्रम होऊन मरूही शकतं. त्यामुळे दारू बंद करणं हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं, आणि ते त्यानं केलं. एकदा नाही, अनेकदा.

प्रत्येक वेळी परत आल्यावर वहिनी रोज सकाळी डायसल्फिरामची गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि तो पाणी पिऊन तोंड उघडून दाखवेपर्यंत समोरून हलायची नाही. या गोळीवर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दादाला हे माहीत होतं. ते सगळं त्याच्या अंगावर एकदा येऊनही गेलं होतं. तरी तो पुन्हा प्यायला. नालट्रेक्झोन या दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधानं काही महिने बरे गेले, मग तेही सुटलं. त्याला अक्कल नाही किंवा घरच्यांवर माया नाही, असं कुणी म्हटलं की मला आजही सहन होत नाही. तो प्रत्येक वेळी मनापासून सोडायचा.

भीतीनं दारू सुटते, या समजुतीवर खूप उपचार उभे राहिले. गंमत म्हणजे एलएसडीचा प्रयोगही आधी याच समजुतीतून झाला. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात १९५० च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड आणि अब्राम हॉफर हे दोन मनोविकारतज्ज्ञ दारूच्या रुग्णांवर काम करत होते. काही दारुडे दारू तुटल्यावरच्या भयंकर भ्रमातून गेल्यावर कायमचे शुद्धीवर येतात, असं त्यांच्या कानावर होतं. तेव्हा एलएसडी देऊन तसाच भयंकर अनुभव मुद्दाम घडवावा, असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात झालं उलटंच. ज्यांची दारू सुटली ते भयाबद्दल बोलतच नव्हते. आपलं आयुष्य बाहेरून बघितल्यासारखं दिसलं, घरच्यांचे चेहरे दिसले, आपण कुणाला काय केलं ते दिसलं, अशा प्रकारचं ते सांगत होते. डॉक्टरांनी मग खोली बदलली, वागणं बदललं, उपचारात धाक न ठेवता आधार आणला. संशोधनात चुकलेला अंदाज सोडून देणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

त्याच दशकात, १९५६ साली, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेचे) सहसंस्थापक बिल विल्सन यांनीही लॉस एंजेलिसमध्ये देखरेखीखाली एलएसडी घेतलं होतं. तेव्हा दारू सोडून त्यांना वीसहून अधिक वर्षं झाली होती. काही रुग्णांना याचा उपयोग होईल असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याच संघटनेतल्या अनेकांना हे रुचलं नाही, आणि त्यांचं न रुचणंही समजण्यासारखं आहे. ज्या बैठकांना दादा बसतो, त्या सुरू करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याजोगा वाटला होता, एवढंच मला तुमच्या लक्षात आणून द्यायचं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार यादीची. पहिल्या अनुसूचीत असे पदार्थ जातात ज्यांचा गैरवापर लोकांच्या आरोग्याला विशेष गंभीर धोका असतो आणि ज्यांचा औषधी उपयोग फारच थोडा किंवा अजिबात नसतो. अ‍ॅम्फेटामिन आणि मेथॅम्फेटामिन, ज्यांचं व्यसन जगभर घरं उद्ध्वस्त करतं, ती दुसऱ्या अनुसूचीत आहेत. सायलोसायबिन आणि एलएसडीचं शारीरिक व्यसन लागत नाही. लागोपाठ घेतली तर त्यांचा परिणामच झपाट्यानं कमी होतो. तरी ती अ‍ॅम्फेटामिनपेक्षा कडक यादीत. आणि दारू? दारू कुठल्याच यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अहवालानुसार २०१९ या एका वर्षात दारूमुळे २६ लाख माणसं गेली. सुमारे ४० कोटी लोकांना दारूशी संबंधित विकार होता, आणि त्यातले सुमारे २० कोटी ९० लाख दारूवर पूर्ण अवलंबून होते. दारूवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण जिच्यामुळे एवढे जीव जातात ती दुकानात, आणि तिच्यावरचा संभाव्य उपचार तिजोरीत, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

तुमच्या कराराच्या सातव्या कलमात शास्त्रीय कामासाठी आणि अत्यंत मर्यादित वैद्यकीय कामासाठी सूट आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती सूट कशी आहे तेही वाचलं आहे. संस्था सरकारच्या थेट ताब्यातली किंवा खास मान्यता मिळालेली हवी. बनवायला, बाळगायला, वाटायला वेगळे खास परवाने. आयात-निर्यात करायची तर दोन्ही देशांच्या अधिकृत यंत्रणांमधून किंवा त्यांनी खास अधिकार दिलेल्यांकडूनच. प्रत्येक टप्प्यावर शिक्का, आणि प्रत्येक शिक्क्याला वाट पाहणं आलं. मोठी विद्यापीठं हे कसंबसं निभावतात. ज्या रुग्णालयात व्यसनमुक्तीचे वॉर्ड कायम भरलेले असतात, तिथले डॉक्टर या वाटेला जातच नाहीत.

दुसरी तक्रार, आणि मला सर्वांत जास्त टोचणारी, ती वाया गेलेल्या वर्षांची. १९६६ ते १९७० या काळात एलएसडी आणि दारूच्या व्यसनावर प्रसिद्ध झालेल्या सहा चाचण्या २०१२ साली टेरी क्रेब्स आणि पॉल-ओर्यान योहान्सन या नॉर्वेतल्या संशोधकांनी एकत्र तपासल्या. एकूण ५३६ रुग्ण. एलएसडी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी ३८ टक्के. रुग्णांना एकच मात्रा दिलेली होती. परिणाम काही महिने टिकला आणि वर्षाच्या आसपास विरला, हेही त्यात आहे. मी फक्त सोयीचं तेवढं उचलत नाही.

आता विचार करा. एका मात्रेचा परिणाम सहा महिने टिकतो, असं १९७० पर्यंतच्या चाचण्यांच्या आकड्यांत होतं. मग दुसरी मात्रा दिली तर? सोबत समुपदेशन वाढवलं तर? पहिल्या मात्रेनंतर माणूस त्याच घरात, त्याच मित्रांत परत जातो, तिथं त्याला कुणी सांभाळलं तर? हे अगदी साधे, कुठल्याही वॉर्डातल्या नर्सलाही सुचणारे प्रश्न आहेत. ते विचारायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. सगळा दोष बंदीचा नाही, हे मान्य. १९६० च्या दशकात औषधांच्या चाचण्यांचे नियम एकूणच कडक झाले, आणि ते योग्यच झालं. एलएसडी प्रयोगशाळेतून रस्त्यावर आलं, लोकांना इजा झाली, समाज घाबरला. पण घाबरलेल्या समाजानं घातलेलं कुलूप पुढच्या शांत पिढ्यांनी एकदा तरी काढून बघायला हवं होतं.

दुसऱ्या मात्रेचा प्रश्न शेवटी विचारला गेला तो अमेरिकेत. मायकेल बोगेनशुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. ९५ रुग्ण होते. बारा आठवडे मानसोपचार सगळ्यांना दिला आणि मध्ये दोन वेळा, दिवसभराच्या सत्रात, काहींना सायलोसायबिन तर काहींना डायफेनहायड्रामिन हे अ‍ॅलर्जीचं औषध. पुढच्या ३२ आठवड्यांत अति पिण्याचे दिवस, म्हणजे पुरुषांसाठी दिवसाला पाच किंवा अधिक आणि स्त्रियांसाठी चार किंवा अधिक पेग, सायलोसायबिनच्या गटात ९.७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २३.६ टक्के. अभ्यासाच्या शेवटी दारू पूर्ण बंद असलेले लोक पहिल्या गटात ४८ टक्के होते, दुसऱ्यात २४ टक्के.

ज्यांच्या घरात असा रुग्ण नाही त्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. अति पिण्याचा एक दिवस म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगू शकते. तो दिवस म्हणजे वहिनीनं मुलांना शेजारी झोपायला पाठवणं, मी कामावरून निघून येणं, गादी पलटणं, डोक्याला टाके. असा एक दिवस आठवड्यातून कमी झाला तरी घर उभं राहतं.

आणि हे सांगितलं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या चाचणीत आपल्याला खरं औषध मिळालं की नाही, हे बहुतेक सगळ्या रुग्णांनी बरोबर ओळखलं. त्यामुळे आशेचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे. झुरिकमधल्या ३७ रुग्णांच्या चाचणीत, दारू उतरवल्यानंतर सायलोसायबिनची एकच मात्रा आणि थोडासा मानसोपचार दिला, तर दारूपासून दूर राहण्याच्या काळात फरक दिसला नाही. मग खरं काय? एक मात्रा कमी पडते का? मानसोपचार जास्त लागतो का? की सुरुवातीचं यश फुगलेलं होतं? ९५ आणि ३७ माणसांवर याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांच्या, दोन-तीन वर्षं चालणाऱ्या चाचण्या लागतात, आणि तिथंच घोडं अडतं.

तिसरी तक्रार पैशाची, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या त्या चाचणीचा खर्च हेफ्टर संशोधन संस्था आणि खाजगी देणगीदारांनी केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं सायलोसायबिन, एलएसडीसारख्या एखाद्या पारंपरिक सायकेडेलिक पदार्थाच्या उपचारावर थेट संशोधनासाठी निधी दिला तो २०२१ मध्ये, अर्ध्या शतकानंतर, आणि तोही तंबाखू सोडण्यासाठी. कंपन्यांचा पैसा नैराश्याकडे वळलाय. नैराश्याच्या त्या चाचण्यांमधून दारूचं व्यसन असलेल्यांना बहुधा आधीच वगळतात. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन देण्याची परवानगी दिली, पण ती इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. दारूचा रुग्ण रांगेत शेवटी. त्यानं स्वतःच हे ओढवून घेतलंय, असं कुठंतरी सगळ्यांच्या मनात आहे ना?

चौथी तक्रार तुमच्या मौनाचा फायदा कोण घेतं याची. एका रात्री दादानं मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. वाळवलेल्या मशरूमची पाकिटं, कुणी किती घ्यायची त्याचा तक्ता, आणि खाली दारू सुटण्याची हमी. "मागवू का?" असं त्यानं विचारलं. डॉक्टरांना नवीन गोळीबद्दल विचारावं, तसं साधेपणानं विचारलं. मी नाही म्हटलं. पाकिटात काय आहे, किती आहे, कुणाला माहीत. या पदार्थांनी नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, आणि दादाचा रक्तदाब आधीच जास्त. घरात कुणाला सायकोसिस किंवा बायपोलरचा त्रास असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून चाचण्यांत अशा लोकांना आधीच गाळलं जातं. घरी कोण गाळणार? चाचणीत दोन प्रशिक्षित माणसं दिवसभर बाजूला बसलेली असतात. आमच्या घरी रात्री दीड वाजता मी आणि वहिनी.

त्यानं ऐकलं. पण त्यानं मला पुढे जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: "मग कायदेशीर कुठं मिळेल? चाचणीत तरी नाव घालता येईल का?" मी खूप शोधलं. त्याच्यासाठी कुठंच जागा नव्हती. कायदेशीर वाट बंद ठेवली की घायकुतीला आलेली माणसं त्या पाकिटांकडे जाणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

परवानगी दिल्यावरही धोके संपत नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण या विषयातले उत्साही लोक ते बोलायचं टाळतात. या औषधांच्या अमलाखाली माणूस अत्यंत उघडा असतो, समोरच्याच्या शब्दानं सहज हलतो. कॅनडात एमडीएमए या मनावर परिणाम करणाऱ्या दुसऱ्या एका पदार्थाच्या चाचणीत उपचार करणाऱ्यांनीच रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचं सत्राच्या चित्रीकरणातून उघड झालं. माझा भाऊ त्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून पडणार असेल, तर त्याच्या शेजारी कोण बसलंय आणि त्यांच्यावर कुणाचं लक्ष आहे, हे मला कळायला हवं.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं सायलोसायबिन आणि एलएसडीचा पुराव्यानिशी सखोल आढावा घ्यावा आणि अनुसूचीतल्या त्यांच्या जागेबद्दल दुसऱ्या कलमानुसार आयोगाला शिफारस करावी. शिफारस 'आहे तिथंच ठेवा' अशी आली तरी मी ती मान्य करीन, फक्त तिची कारणं आजची असावीत, १९७१ ची नकोत. असं होऊ शकतं, हे तुम्ही स्वतः दाखवलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये याच आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून बाहेर काढलं.

आढावा पूर्ण होईपर्यंत आयोगानं सदस्य देशांना लेखी कळवावं की सातव्या कलमात वैद्यकीय चाचण्यांना मुभा आहे, आणि परवाने ठरलेल्या मुदतीत द्यावेत किंवा कारण देऊन नाकारावेत. अर्ज पडून राहणं बंद व्हावं.

दारूच्या रुग्णांसाठी सार्वजनिक पैशातून, अनेक देशांत मिळून, मोठ्या आणि लांब मुदतीच्या चाचण्या व्हाव्यात. त्यांत स्त्रिया असाव्यात, गरीब रुग्ण असावेत, वारंवार घसरलेले असावेत. ज्यांना नेहमी 'अवघड' म्हणून वगळलं जातं, त्यांच्यावरच तर हा उपचार तपासायचा आहे. चांगला-वाईट प्रत्येक निकाल आणि प्रत्येक इजा एका खुल्या नोंदवहीत यावी.

उपचाराच्या खोलीसाठी किमान अटी ठरवा: दोन प्रशिक्षित व्यक्ती, सत्राचं चित्रीकरण, स्पर्शाबद्दलची संमती औषध देण्याआधी लेखी, आणि रुग्णाला तक्रार करायला त्या चमूच्या बाहेरची जागा.

आणि हे सगळं होईपर्यंत जे आज सिद्ध आहे ते तरी लोकांपर्यंत पोहोचवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये नालट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही दोन औषधं दारूच्या व्यसनासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. दादाला नालट्रेक्झोनचं नाव पहिल्यांदा कळलं तोवर त्याचं यकृत सुजलेलं होतं. नव्या उपचाराची मागणी करताना जुन्याची ही हेळसांड मी विसरू शकत नाही.

आयोगाचं नियमित अधिवेशन दर वर्षी मार्चमध्ये व्हिएन्नात भरतं. येत्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि आढावा कधी सुरू होईल त्याची तारीख जाहीर करावी. दादा सध्या पीत नाही. पुढचा घसरण्याचा दिवस कधी येईल ते आम्हाला माहीत नाही, पण तो येण्याआधी तुमच्याकडून तारीख यावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एका रुग्णाची बहीण